बडोद्याहून बर्फावर: स्कीइंगचे पहिले धडे कुठे घ्यायचे?

गुलमर्गचा किंवा युरोपचा बेत ठरला की विमान आणि हॉटेल त्याच आठवड्यात आरक्षित होतं. स्की शिकायचं कुठे आणि कुणाकडे, हा प्रश्न मात्र तिथे पोचल्यावर भाड्याच्या दुकानासमोर उभं राहून सोडवला जातो. समोर येईल तो पहिला माणूस ‘दो घंटे में सिखा दूँगा’ म्हणतो आणि सुट्टीतले मोलाचे पहिले दोन दिवस त्याच्या हाती जातात. स्कीइंग आवडणार की नाही, हे बहुतेकांच्या बाबतीत याच दोन दिवसांत ठरतं. म्हणून आधी तारखा पक्क्या करा, मग उतार निवडा, मग शिकवणारा. हॉटेल सगळ्यांत शेवटी.

तारखा

आपल्याकडच्या शाळांच्या दोन मोठ्या सुट्ट्या म्हणजे दिवाळी आणि मे महिना. हिमालयात स्की शिकण्यासाठी दोन्ही निरुपयोगी आहेत. दिवाळीत बर्फ पडलेला नसतो, मे महिन्यात खालचा सगळा वितळलेला असतो. मे महिन्यात रोहतांगला किंवा गुलमर्गच्या गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, वरच्या टप्प्याजवळ उरलेल्या बर्फाच्या पट्ट्यांवर स्की भाड्याने देतात खरे, पण तो पाण्याने जड झालेला, मळका, जेमतेम काही मीटरांचा बर्फ असतो. फोटोसाठी ठीक आहे, तिथे वळायला शिकता येत नाही.

काश्मीरमध्ये चिल्लई कलान, म्हणजे थंडीचे सर्वांत कडक चाळीस दिवस, २१ डिसेंबरला सुरू होतात. त्यामुळे उत्तरायणच्या सुट्टीला जोडून १४ जानेवारीच्या आसपास जावं असं वाटणं साहजिक आहे. पण अलीकडे बर्फ उशिरा पडू लागलाय. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचं मैदान जवळजवळ महिनाभर कोरडं होतं. २०२५ मध्ये बर्फ कमी म्हणून तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. नवख्याने प्रजासत्ताक दिनानंतरचे तीन-चार आठवडे धरावेत. घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर त्या वर्षी बेतच पुढे ढकललेला बरा.

एकूण किती दिवस जाणार यापेक्षा सलग किती दिवस बर्फावर उभे राहणार, हे मोजा. सलग तीन दिवस, रोज चार तास, ही किमान गरज आहे. पहिला दिवस बूट आणि तोल सांभाळण्यात जातो. दुसऱ्या दिवशी थांबता येतं, तिसऱ्या दिवशी वळणं जुळू लागतात. मध्ये एक दिवस श्रीनगर दर्शनासाठी काढलात तर तिसऱ्या दिवसाची सुरुवात पुन्हा दुसऱ्यापासून होते. बडोदा ते दिल्ली आणि दिल्ली ते श्रीनगर अशी विमानं घेणाऱ्यांनी दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा दिवस मोकळा ठेवावा, कारण दिल्लीचं धुकं आणि श्रीनगरचा हिमवर्षाव यांत विमानं हमखास अडकतात. रेल्वेने कटऱ्यापर्यंत आणि तिथून जून २०२५ पासून सुरू झालेल्या वंदे भारतने श्रीनगर, हाही आता मार्ग आहे. शेवटचा टप्पा टनमर्ग ते गुलमर्ग साधारण १३ किलोमीटरचा. बर्फ पडलेला असेल तर टनमर्गला गाडी बदलून साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते.

शिकण्याची चार ठिकाणं, आणि कुणी कुठे जावं

सर्वांत जवळची जागा नकाशावर अनपेक्षित ठिकाणी आहे. ‘स्की दुबई’ हा एका मॉलमधला, २००५ साली सुरू झालेला बंदिस्त उतार. सर्वांत लांब उतार साधारण ४०० मीटर, आतलं तापमान शून्याच्या जरा खाली, बर्फ बारा महिने सारखा. अहमदाबादहून थेट विमान तीन-साडेतीन तासांचं आहे, म्हणजे बडोदेकराला हे मनालीपेक्षा वेळेने जवळ पडतं. जाकीट, पँट आणि बूट तिथेच मिळतात. हातमोजे मात्र आपले न्या. थांबणं आणि वळणं जमतं हे दाखवल्याशिवाय मोठ्या उतारावर सोडत नाहीत, ही चांगली शिस्त आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना बर्फाची ओळख करून द्यायची असेल, किंवा पुढची युरोपची सहल दुबईवरून जात असेल, तर इथे दोन धडे जरूर घ्यावेत. त्यासाठी वेगळी दुबईवारी करणं मात्र पटत नाही. बंदिस्त उतार गुळगुळीत, एकसारखा आणि छोटा असतो. उघड्यावरचा वारा, कडक झालेला सकाळचा बर्फ आणि दुपारचा मऊ बर्फ यांची सवय तिथे होत नाही. मॉलमधल्या स्नो पार्कची गोष्ट वेगळी. तिथे बर्फात खेळता येतं, पण शिकण्याजोगा उतारच नसतो.

दुसरा पर्याय सरकारी संस्थांचा. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे. पहलगामची जवाहर गिर्यारोहण संस्थाही हिवाळ्यात स्कीइंगचे वर्ग घेते. मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थेचे वर्ग सोलंगला होतात, आणि औलीला गढवाल मंडल विकास निगमचे. हे वर्ग साधारण एक ते दोन आठवड्यांचे, निवास-जेवणासह आणि खासगी शिकवणीपेक्षा बरेच स्वस्त असतात. सकाळी व्यायाम, मग स्की खांद्यावर टाकून उतारापर्यंत चालत, मग उतार स्वतःच्या पायांनी तुडवून तयार करणं, असा क्रम. एकट्या जाणाऱ्या, विशी-तिशीतल्या, खरोखर शिकायचंच आहे अशा माणसासाठी आमच्या मते याहून चांगली जागा भारतात नाही. पण ही सुट्टी नव्हे. राहायला सामायिक खोल्या, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि वयाची अट असते, जागा महिनोन्‌महिने आधी भरतात. आठ वर्षांचं मूल आणि साठीतले आईवडील बरोबर असतील तर हा मार्ग बाद. औलीसाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचल्यापासून जोशीमठ-औली रोपवे बंद पडला. निघण्याआधी तो सुरू आहे का ते विचारा, आणि ऋषिकेशहून पूर्ण दिवसाचा घाटरस्ता धरून चाला.

तिसरा पर्याय म्हणजे गुलमर्गला किंवा सोलंगला खासगी प्रशिक्षक. कुटुंबाने सुट्टीवर जाताना बहुधा हाच निवडावा लागतो, आणि सगळ्यांत जास्त फसगतही इथेच होते. त्याबद्दल पुढे सविस्तर.

चौथा पर्याय: युरोपला किंवा मध्य आशियात जाणार असाल तर तिथल्याच स्की शाळेत. फ्रान्स, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये जवळपास प्रत्येक गावात शाळा असते. गटाचे वर्ग रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात आणि पाच-सहा दिवस सलग चालतात. तुमची सहल बुधवारी त्या गावात पोचत असेल तर नवख्यांचा गट तोपर्यंत पुढे गेलेला असतो, आणि मग कितीतरी महाग खासगी धडा घ्यावा लागतो. म्हणून आधी शाळेच्या सुरुवातीचा वार पाहा, त्याप्रमाणे विमान घ्या. इंग्रजीतून शिकवणारा गट हवा, हे आरक्षण करतानाच लिहून कळवा. टिटलिस किंवा युंगफ्राउच्या सहलीत मिळणारा तास-दोन तासांचा बर्फ बघण्यासाठी असतो, तो शिकण्याच्या हिशेबात धरू नका.

थोडक्यात निवड अशी. सुट्टी गुलमर्गलाच असेल तर तिथेच, पहिल्या तीन दिवसांत शिका. आधी दुसरीकडे जाऊन यायची गरज नाही. सुट्टी युरोपची आणि बर्फावर पाचहून कमी दिवस मिळणार असतील तर वाटेत दुबईला दोन धडे घेतल्याने पहिला दिवस वाचतो. पाच किंवा जास्त दिवस असतील तर थेट तिथल्या गटात जा.

उतार कसा ओळखायचा

नवख्याच्या उताराला चार गोष्टी लागतात: सौम्य कल, भरपूर रुंदी, खाली आपोआप थांबवणारी सपाट जागा, आणि वर न्यायला काहीतरी यंत्र. शेवटची गोष्ट लोक विचारतच नाहीत. स्की बूट घालून शंभर मीटरचा उतार आडव्या पावलांनी चढायला नवख्याला सहज दहा मिनिटं लागतात, खाली यायला अर्धं मिनिट. म्हणजे दोन तासांच्या धड्यात दहा-अकरा फेऱ्या, आणि तोवर मांड्या संपलेल्या. सरकता पट्टा किंवा ओढलिफ्ट (स्कीवर उभं असतानाच माणसाला वर ओढून नेणारी लिफ्ट) असेल तर तेवढ्याच वेळात तिप्पट फेऱ्या होतात. शिकणं फेऱ्यांनी होतं, तासांनी नाही. गुलमर्गच्या मैदानाच्या कडेला अशा छोट्या लिफ्ट आहेत. सोलंगला नवख्यांचं बरंचसं शिकणं पायी चढूनच होतं. फोनवर थेट विचारा: ‘पहले दिन ऊपर कैसे जाते हैं?’

गोंडोलाबद्दल खास इशारा. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला साधारण ३,०५० मीटरवर नेतो, दुसरा अफरवाटच्या खांद्यावर ३,९०० मीटरच्याही वर. वरचा भाग जगभरातले कसलेले स्कीअर ज्यासाठी येतात तो: न दाबलेला, खोल, हिमस्खलनाचा धोका असलेला. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथे हिमस्खलनात एका परदेशी स्कीअरचा जीव गेला. दुसऱ्या टप्प्यावर फिरायला जा, पण स्की खाली ठेवून. पहिल्या तीन दिवसांत कुणी ‘फेज टू से नीचे लाएँगे’ म्हणालं, तर त्या माणसाकडे शिकू नका.

युरोपात रंग पाहा. फ्रान्समध्ये हिरवा सर्वांत सोपा, मग निळा, लाल, काळा. ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये निळ्यापासूनच सुरुवात होते. त्यामुळे फ्रान्समधल्या निळ्यावर गेलेला नवखा ‘सोपाच तर आहे’ समजून अडचणीत येतो.

फोनवर काय विचारायचं

एका गटात किती जण, हे सर्वांत आधी. सहापर्यंत चांगलं, आठ चालेल. दहाच्या वर गेलं की रांगेत उभं राहण्यातच वेळ जातो. मोठी माणसं आणि मुलं वेगळी शिकवता का, तेही विचारा. आठ वर्षांचं मूल दुसऱ्या दिवशी आई-बाबांच्या पुढे जातं आणि मग दोघांचंही बिनसतं. नवरा-बायकोनेही वेगळा गट मिळत असेल तर घ्यावा.

शिकवणाऱ्याकडे कुठल्या संस्थेचं प्रशिक्षण आहे ते विचारायला संकोच करू नका. वर सांगितलेल्या संस्थांतून पुढचे वर्ग पूर्ण केलेला माणूस ते अभिमानाने सांगतो. मग हा प्रश्न: ‘दूसरे दिन क्या सिखाते हैं?’ जाणकार सांगेल की पहिल्या दिवशी थांबणं पक्कं झालं तर डावं-उजवं वळण, नाहीतर तोच उतार पुन्हा. जो दुसऱ्या दिवसासाठी एखाद्या जागेचं नाव सांगतो, तो सहलीचा मार्गदर्शक आहे, शिक्षक नाही.

पैसे विचारताना पाच गोष्टी वेगळ्या करून घ्या: शिकवणी, स्की-बूट-काठ्या, हेल्मेट, लिफ्टचं तिकीट, कपडे. ‘पॅकेज’ म्हणून एकच आकडा सांगितला तर त्यात बहुधा लिफ्ट आणि हेल्मेट नसतं. सगळ्या दिवसांचे पैसे आगाऊ देऊ नका. पहिल्या दिवसाचे द्या, पटलं तर पुढचे. आणि प्रवासविमा काढताना हिवाळी खेळ त्यात आहेत का ते पाहा. साध्या विम्यात ते बहुतेकदा वगळलेले असतात, वेगळा हप्ता भरून जोडावे लागतात.

बूट

स्की कशीही असली तरी निभतं. बूट चुकला तर दिवस वाया जातो. दुकानदार नेहमीचा नंबर विचारतो आणि पाय दुखू नये म्हणून एक माप मोठा बूट देतो. पहिली पंधरा मिनिटं सुखाची जातात, मग बूट वळतो पण पाय आतच फिरतो, स्की ऐकत नाही, आणि माणूस बकल आणखी आवळतो. त्याने रक्त अडतं, बोटं गार पडतात, पोटरीला गोळे येतात.

स्की बुटाचं माप पावलाच्या सेंटिमीटरमध्ये असतं. बडोद्यातच भिंतीला टाच टेकवून, कागदावर पाऊल मोजून आकडा लिहून न्या. पाऊल २५.५ सेंटिमीटर असेल तर बूट २५.५. दुकानात एकच पातळ लांब मोजा घाला. दोन जाड मोजे नकोत, त्यांच्या घडीनेच फोड येतात. आतली थर्मल बुटात खुपसू नका, बुटाच्या वर संपू द्या. बूट घालून टाच जमिनीवर आपटा, म्हणजे ती मागे बसते. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकायला हवीत. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की बोटं मागे सरून मोकळी व्हायला हवीत आणि टाच उचलली जाता कामा नये. बकल वरून खाली नाही, टाचेजवळचं आधी लावा, मग पोटरीची, पंज्यावरची सैलच ठेवा. दहा मिनिटं दुकानातच वाकत-उठत राहा. दुखलं तर तिथेच बदला.

स्की हनुवटीपर्यंत उंच पुरे. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला साधारण १४५ ते १५०. काठी उलटी धरून, चकतीच्या खाली मूठ पकडल्यावर कोपर काटकोनात यायला हवं. बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या खटक्याचा, आकडा किती जोराने पडल्यावर बूट सुटेल ते ठरवतो. तो दुकानदाराने तुमचं वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून लावायचा असतो. नवख्या प्रौढाला तो बहुधा ३ ते ६ च्या दरम्यान असतो. आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच ठेवून स्की हातात दिली तर परत करा. आकडा जास्त असेल तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिळला जातो.

निघण्याआधीचे सहा आठवडे

लागतात त्या मांड्या आणि घोटे. आपल्या आखाड्यातल्या बैठका यासाठी अगदी नेमक्या आहेत: पंधराच्या तीन फेऱ्या, आठवड्यातून चार दिवस, खाली जाताना सावकाश. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं ३० सेकंदांपासून ९० पर्यंत न्या. दात घासताना एका पायावर उभे राहा. आणि दोन रविवार पावागढला द्या, पण एक अट पाळून: रोपवेने उतरू नका. माचीपर्यंतच्या पायऱ्या पायांनी उतरताना मांडीचा जो स्नायू दुखतो, तोच स्कीवर दिवसभर काम करतो. गुडघ्याचा जुना त्रास असेल तर हे करण्याआधी डॉक्टरांना विचारा. मुलं रोलर स्केटिंग करत असतील तर ती बर्फावर लवकर रुळतात.

कपड्यांत सुती काहीही नको, घामाने भिजलं की अंग गार पडतं. हातमोज्यांचे दोन जोड न्या, पडून-उठून पहिला दुपारपर्यंत ओला होतोच.

पहिल्या तीन दिवसांत

पोचल्याचा दिवस आरामाचा ठेवा, भरपूर पाणी प्या. बर्फावरच्या पहिल्या दिवशी सपाटीवर एका पायात स्की घालून चालण्यापासून सुरुवात व्हायला हवी, मग आडवं चढणं, पडणं, उठणं, सरळ घसरणं. त्यानंतर स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या लांब, पिझ्झाच्या फोडीसारखा आकार करून थांबणं. शिकवणारा पडायला न शिकवता थेट वर घेऊन गेला तर थांबवा आणि विचारा.

चुका सगळ्यांच्या त्याच असतात. भीती वाटली की माणूस मागे रेलतो, आणि मागे रेललं की स्कीची टोकं हलकी होऊन वेग वाढतो. हात पुढे, गुडघ्यांच्या वर दिसतील असे ठेवले की वजन आपोआप पुढे येतं. पडताना बाजूला, चढाच्या बाजूच्या कुल्ल्यावर पडा. घसरत असताना उठायचा प्रयत्न करू नका, गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या कितीतरी दुखापती त्यात होतात. उठताना दोन्ही स्की आपल्या खालच्या अंगाला, उताराला आडव्या करा. स्की पुन्हा पायात घालताना खालच्या बाजूची आधी. बूट बसत नसेल तर बाइंडिंगला दोष देण्याआधी बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ काठीने खरवडून काढा, दहात नऊ वेळा तेच कारण असतं. ओढलिफ्टवर बसायचं नसतं. उभं राहून तिला ओढू द्यायचं, आणि पडलात तर दांडा सोडून मार्गातून लगेच बाजूला लोळायचं, कारण मागून पुढचा माणूस येतच असतो.

तिसऱ्या दिवशी शेवटी शिकवणाऱ्याला विचारा की तो सोबत नसताना तुम्ही नेमक्या कुठल्या उतारावर जाऊ शकता. ठरवलेल्या जागी सलग पाच वेळा थांबता येत असेल, डावं आणि उजवं वळण दोन्ही जमत असेल आणि लिफ्टमधून न पडता उतरता येत असेल तर तो दोन-तीन उतारांची नावं सांगेल. ती लिहून घ्या, आणि उरलेली सुट्टी तेवढ्याच उतारांवर घालवा. एकच उतार सांगितला तर एकावरच. आणि शक्य असेल तर चौथ्या दिवशी सकाळी त्याच्याकडेच आणखी एक तास घ्या. रात्रभर कडक झालेल्या बर्फावर स्कीच्या कडा रुतवायला शिकायची ती वेळ असते.